आवाज खाली येत नाय

भाडेकरूच्या घरातून आवाज कमी येतो, म्हणून जिना चढून तक्रार करायला येणारा घरमालक त्रिभुवनात एकच असेल आणि तो माझ्या वाट्याला आला आहे. नवी मुंबईतल्या तळवलीत जिथे त्यांच्या वडिलांचं भात पिकायचं, तिथे आता त्यांची इमारत उभी आहे. खाली ते, त्यांची बायको, मुलगी आणि म्हातारी आई. वर आम्ही नवराबायको. मी मूळचा कराडकडचा. महाप्याच्या एका कंपनीत हिशेब बघतो. पन्नाशी उलटली की कुणाला योगासनं सुचतात, कुणाला जमीन घ्यावीशी वाटते. मला कीबोर्ड सुचला. रोज संध्याकाळी तो मांडून मी बसतो. माझ्या वादनाबद्दलचं आमच्या हिचं मत एका प्रश्नात मावतं, "अहो, तुम्ही वाजवताय की काही शोधताय?" त्यामुळे एका संध्याकाळी दारात घरमालक दिसले तेव्हा मी आधी माफी मागितली आणि मग "बसा" म्हणालो. ते बसले नाहीत. "मास्तर, तुमचा आवाज खाली येत नाय," ते म्हणाले, "आय कवाची बसलीय ऐकाला." मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण त्या दिवसापासून मी मास्तर झालो आणि माझ्या कीबोर्डला साजेसा स्पीकर शोधणं हे त्यांनी स्वतःचं काम ठरवलं.

आवाजाबद्दल त्यांची स्वतःची शास्त्रं आहेत. लहानपणापासून गावच्या हळदींत वाढल्यामुळे आवाज कानाने ऐकायचा असतो हे त्यांना मान्यच नाही. "कानानं काय, कुत्रा पन ऐकतं. हितं लागला पायजे," असं म्हणून ते पोटावर तळवा ठेवतात. स्पीकर आवडला की नाही हे ते तो वाजायच्या आधीच ठरवतात. आधी कमरेपर्यंत उचलून वजन बघतात, मग कलिंगड घेताना मारतात तशी टिचकी मारतात. "हलका म्हंजे पोकल," हा निकाल. घरातल्या घरात भागतंय का बघावं म्हणून त्यांनी प्रथम स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर वर आणला. त्यात गंमत अशी की मी पट्टी दाबली की तो जरा विचार करायचा आणि मग वाजायचा. मी पुढच्या सुरावर, तो मागच्या. घरमालकांना ही माझीच मोठी करामत वाटली. मग डीजेचा धंदा करणाऱ्या पुतण्याकडून त्यांनी कपाटाएवढा एक खोका वर चढवला. मी फक्त 'सा' वाजवला. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी खाली आली आणि पाठोपाठ आमची ही बाहेर आली. खोका त्याच संध्याकाळी खाली गेला. घरमालकांचं म्हणणं, आवाजात काही खोट नव्हती, मांडणी ढिली होती.

मग आमचे दौरे सुरू झाले. वाशी, सीवूड्सचा मॉल, ठाण्याच्या गल्ल्या. पुढे घरमालक, मागे मी, माझ्या मांडीवर आडवा कीबोर्ड. आमची स्कूटर रिक्षाएवढी रुंद व्हायची आणि शिव्याही तेवढ्याच खायची. दुकानात पोचल्यावर विक्रेता अदबीने म्हणायचा, "सर, वाजवून बघा ना." इथे माझी पाचावर धारण बसे. घरी येणारी अडीच गाणीही बोटांतून पळून जात. शेवटी मी एक युक्ती काढली. कीबोर्डमध्ये कंपनीने भरलेलं एक तयार गाणं असतं, बटण दाबलं की ते आपलं आपण वाजतं. मी बटण दाबून वरून नुसती बोटं हलवायचो. "सर, हात बसलाय तुमचा," विक्रेते म्हणायचे. घरमालकांची छाती फुगायची. गावभर त्यांनी सांगितलं, "आमच्या मास्तरांना वाजवताना टेन्शनच येत नाय. इकरं तिकरं बघत वाजवतात." आमच्या हिला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला बसावं लागलं.

पण एकही स्पीकर त्यांच्या पसंतीला उतरेना. वाशीच्या एका दुकानात त्यांनी चांगला जड, खणखणीत स्पीकर नाकारला तेव्हा विक्रेता कंटाळून म्हणाला, "काका, तुम्हाला हा नेमका पाहिजे कशासाठी?" घरमालकांनी हातातला स्पीकर खाली ठेवला. मग एरवीच्या निम्म्या आवाजात त्यांनी सांगितलं ते मीही तेव्हाच प्रथम ऐकलं. त्यांची आई धवलारीण. इकडच्या लग्नांत हळद दळण्यापासून मांडव घालण्यापर्यंत प्रत्येक विधीला देवांना आवतण देणारी गाणी म्हणतात, ते धवले. ते म्हणणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय पूर्वी गावात लग्न उभं राहत नसे. मग डीजे आले, तिचा आवाजही बारीक झाला, आणि एका लग्नात ती गात असताना शेजारच्या बाईने "आजी, सुरू करा ना" म्हटलं. त्यानंतर ती गायलीच नाही. आता नातीचं लग्न ठरलं होतं. "पोरीच्या हलदीला आयचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला पायजे," ते म्हणाले, "पन आयचाच. या डब्यान ती स्टेशनवर गाडी सांगनाऱ्या बाईसारखी बोलल." कीबोर्डवर सूर द्यायला मी होतोच, कारण मला टेन्शन येत नाही.

विक्रेता शहाणा होता. म्हणाला, "मग आजींनाच घेऊन या." पुढच्या रविवारी आजी लुगडं नेसून, डोक्यात फूल माळून दुकानात आल्या. त्यांच्या हातात माईक दिला. काय बोलावं हे न सुचून त्यांनी समोरच्या विक्रेत्यालाच विचारलं, "जेवलास काय रं?" आणि मध्यम आकाराच्या, दिसायला अगदीच सामान्य अशा एका स्पीकरमधून ते इतक्या मायेने बाहेर आलं की तो बिचारा "हो आजी, आत्ताच," असं खरंच उत्तर देऊन बसला. घरमालकांनी ना वजन बघितलं ना टिचकी मारली. "ह्योच," म्हणाले.

हळदीच्या दिवशी दुपारी पुतण्याच्या खोक्यांची भिंत बंद ठेवून आजींना मांडवात बसवलं. मी सूर दिला. "यो कोन रडतं?" त्यांनी विचारलं. मी दुसरी पट्टी दाबली, तिसरी दाबली. त्यांचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. जिच्यावर त्यांच्या कपाळाला कमी आठ्या पडल्या ती मी धरून ठेवली. आजींनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. आवाज बारीकच, पण स्वच्छ. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाने मान वर केली. आणि मग शांतता. धवल्याची ओळ एकीने म्हणायची असते आणि मागच्या बायकांनी उचलायची असते. आजींच्या मागच्या बायका एकेक करून देवाघरी गेल्या होत्या. एकसारख्या पिवळ्या साड्या नेसलेल्या मुली मोबाइल उंच धरून उभ्या होत्या, त्यांना ओळ ठाऊक नव्हती. आम्ही दोघांनी अख्ख्या नवी मुंबईतले स्पीकर वाजवून पाहिले, पण ओळ उचलणार कोण हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नव्हता. आजींनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि थांबल्या. त्या थांबल्या हेही त्या स्पीकरने शेवटच्या खुर्चीपर्यंत नेलं. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात माझ्या शेजारून, वायरींच्या गुंत्यातून, घरमालक गायला लागले. पुरुषांनी धवला म्हणायची रीत नाही. आवाज म्हणाल तर रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा. दोघं-तिघं हसले. आजींनी वळून बघितलं, "सबुद चुकला," म्हणाल्या, आणि बरोबर शब्द सांगून पुढची ओळ घेतली. ती घरमालकांनी पुन्हा चुकत उचलली. तिसऱ्या ओळीला पाटावर बसलेली मुलगी, गालांना हळद माखलेली, बापाबरोबर म्हणू लागली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण पट्टी सोडायची सोय नव्हती.

मुलगी दिघ्याला दिली. स्पीकर माझ्याकडे आहे. रविवारी दुपारी ती माहेरी येते, आजी कठड्याला धरून जिना चढतात आणि माझ्या खुर्चीत बसतात. नात आणि घरमालक समोर सतरंजीवर. माझं काम एक पट्टी दाबून धरण्याचं, आणि या कामात मी वाकबगार आहे असं आता आमची हीसुद्धा म्हणते. परवाच्या रविवारी आजी मांडवाचा धवला सांगत होत्या. चार देवांना आवतण झालं आणि त्या अडकल्या. ओठ हलत होते, ओळ येत नव्हती. नात पुढे सरकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढची ओळ आमच्यापैकी कुणालाच, प्रत्येक गोष्टीवर मत असलेल्या घरमालकांनाही, माहीत नव्हती. मी हळूच विचारलं, "आजी, बंद करू का?"

"दाबून ठेव," आजी म्हणाल्या. "येल ती. येल."

मी पट्टी दाबून ठेवली आणि आम्ही वाट बघत थांबलो.