कव्हरावरच्या चौकटी

पिराजी पेंटर कशालाही भ्यायचा. ब्रश हरवला तरी भ्यायचा, आणि सापडला तर "हितं कुणी ठिवला असंल?" म्हणून भ्यायचा. ढोकीच्या साखर कारखान्यात ट्रॉल्यांवर नंबर टाकणं हे त्याचं काम. मी तिथलाच टाइमकीपर. पण त्र्याहत्तरच्या एप्रिलात तो भ्याला, ते मात्र उगाच नव्हतं.

कारखान्याचे केमिस्ट वीरप्पा साहेब पुण्यात शिकलेले. त्यांच्याकडं एका इंग्रजी बँडची रेकॉर्ड होती. दर रविवारी ते पिराजीला घरी बोलवत, खुर्चीवर बसवत आणि ती लावत. गाण्यातलं पिराजीला ओ की ठो कळत नसे. त्याचं सगळं लक्ष कव्हरावर. वर काळंभोर भरून आलेलं आभाळ, खाली शेतात पाठमोरा उभा एक माणूस. दुष्काळात असलं आभाळ आम्ही विसरूनच गेलो होतो. आणि खुर्ची म्हणाल, तर पिराजीच्या घरातल्या कुणाला त्याआधी एकाही साहेबानं ती दिली नव्हती.

जयंतीच्या मिरवणुकीत बुद्धाच्या चित्रामागं तेच आभाळ रंगवायचं, म्हणून त्यानं कव्हर मागितलं. "जपा हं," म्हणत साहेबांनी दिलं.

लहान चित्र मोठं करायचं, तर पेंटर आधी त्यावर पेन्सिलीनं चौकटी पाडतात. जुनं कॅलेंडर असो की सिनेमाची जाहिरात, पट्टी ठेवायची नि रेघा ओढायच्या. पिराजीचा हात सवयीनं चालला. आभाळभर चौकटी पाडून झाल्यावर त्याला भान आलं की हे कॅलेंडर नव्हे. रबरानं खोडायला गेला, तर कोपऱ्यातला ढगच निघून आला.

आठ दिवस माणूस धड जेवला नाही. मिरवणुकीत सगळं गाव त्याचं आभाळ बघत होतं आणि हा ट्रॉलीमागं तोंड लपवून चालत होता. "आता त्या खुर्चीवर कोण बसू देतंय मला," हेच धरून बसला. शेवटी बायको जाईबाई वैतागली. "नेऊन द्या की. खात्यात का काय तुमाला?" मग त्यानं मला सोबत ओढलं. माझंही डोकं फिरलं होतं, पण गेलो.

साहेबांनी कव्हर बघितलं. चौकटींवरून बोट फिरवलं. पिराजी दारातच उभा.

"सवयीनं झालं, साहेब. म्या मुद्दाम न्हाय..."

साहेबांचा चेहरा पडला होता, खोटं कशाला सांगू? "बसा," ते म्हणाले. पिराजी खाली फरशीवर बसायला लागला.

"तिथं नाही!" साहेब केवढ्यांदा ओरडले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, पिराजीला बसवलं, कव्हर त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खिशातली पेन्सिल दिली. "खालचं शेत राहिलंय. तेवढं पुरं करा."

पुढं दुसऱ्या कारखान्यात जाताना साहेब ते कव्हर पिराजीलाच देऊन गेले. अजून त्याच्या भिंतीवर आहे. आभाळावरच्या रेघा सरळ आहेत. शेतावरच्या सगळ्या वाकड्या, कारण त्या ओढताना पिराजीला समोरचं काही दिसत नव्हतं.