आबांना लागू झालेला मनाईहुकूम

पिंपळे सौदागरच्या विजयश्रीची वकिली मोठी उफराटी. बाकीचे वकील खटला जिंकले की गावभर सांगत सुटतात. हिनं खटला जिंकला म्हणजे गावाला काही कळलंच नाही! खेळाडू, नट्या, कीर्तनकार, ज्यांचे चेहरे सगळ्यांच्या ओळखीचे, त्यांच्या घरातलं घरात ठेवायचं आणि अब्रूवर चिखल उडवणाऱ्याला कोर्टात खेचायचं, हे तिचं काम. आणि नशिबाची थट्टा बघा, असल्या बाईचा बाप कोण, तर सोपानराव, म्हणजे तिचे आबा. तोंडात तीळ भिजत नाही असा माणूस. त्यांच्या शेतजमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्यापासून त्यांना हौस एकच, फ्लेक्स लावायची. पुतण्या बारावी पास झाला, फ्लेक्स. शर्यतीत बैल पहिला आला, फ्लेक्स. बैल चौकात झळकला, पण वकील लेक कधी झळकली नाही, हे त्यांना फार लागायचं.

परवा कबड्डीपटू करिष्मा विजयश्रीच्या ओसरीवर येऊन ढसाढसा रडली. तिच्या दवाखान्याचे कागद एका यूट्यूब चॅनेलनं मिळवले होते आणि ‘उद्या संध्याकाळी सगळं उघड करू’ अशी दवंडी पिटली होती. आजार कोणता, ते इथंही सांगायचं कारण नाही.

“घरीबी कुणाला ठावं न्हाई, ताई. बाहेर गेलं तर मी मैदानात पाय ठेवायची न्हाई,” ती म्हणाली.

चहा घेऊन आलेल्या सोपानरावांनी मात्र सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विजयश्री पिंपरी कोर्टात उभी राहिली. सुनावणी बंद दाराआड झाली. चॅनेलचा वकील म्हणाला, पोरगी प्रसिद्ध आहे, लोकांना कळायला हवं.

“लोकांनी तिची चढाई बघावी, मॅडम,” विजयश्री न्यायाधीशबाईंना म्हणाली. “तिची औषधं कशाला बघायची?”

चॅनेलनंच नव्हे, तर इतर कोणीही ही माहिती छापू वा दाखवू नये, असा हुकूम तिनं मागितला. आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो मिळाला! जिन्यातच तिनं आणि करिष्मानं एकमेकींना कडकडून मिठी मारली.

तेवढ्यात फोनवर, निकालाचीही वाट न बघता आबांनी पाठवलेलं एक चित्र आलं. ‘फोटो बराय का?’ वर विजयश्रीचा हसरा चेहरा, खाली ‘आमच्या वाघिणीची चपराक!’ आणि त्याखाली करिष्माचं नाव, शेजारी आजाराचं नाव, लालभडक, हातभर अक्षरांत.

हा चौकात लागणारा फ्लेक्स, हे विजयश्रीनं ओळखलं. स्कूटर तिनं तळवड्याच्या फ्लेक्सवाल्याकडे पिटाळली. कंपन्या सुटलेल्या, रस्त्यात बसगाड्याच बसगाड्या. ती दुकानात शिरली तेव्हा फ्लेक्स छापून जमिनीवर पसरला होता आणि सोपानराव फ्लेक्सवाल्या कुलदीपला पेढा भरवत होते.

“आबा, हे चौकात लागायचं न्हाई!”

“अगं, कौतुक करतोय तुझं!”

तिनं हुकूम काढून वाचून दाखवला.

“इतर कोणीही म्हंजे... मी?”

“सगळ्यात आधी तुमी.”

कुलदीपला हसू आवरेना. सोपानरावांचं तोंड मात्र एवढंसं झालं. “एवढी मोठी लढाई मारलीस, आन बापानं कुणाला सांगायचं न्हाई?”

विजयश्रीनं हुकुमाची घडी घातली. “न्हाई, आबा. ती पोरगी आपल्या भरवशावर हाय.”

सोपानरावांनी लेकीच्या हसऱ्या फोटोवरून एकदा हात फिरवला. मग कुलदीपकडून कटर घेऊन त्यांनी स्वतःच फ्लेक्सच्या चिंध्या केल्या आणि संगणकातलं चित्रही पुसायला लावलं.

सकाळी विजयश्री स्कूटर काढत होती. ओट्यावर मंडळी जमली होती, आणि त्यातल्या एकानं विचारलंच, “सोपानराव, पोरगी काल मोठं काहीतरी जिंकली म्हनं कोर्टात?”

विजयश्रीनं वळून पाहिलं. सोपानरावांची छाती फुगली, ओठ हलले, अभिमानानं डोळे भरून आले.

“न्हाई राव,” ते म्हणाले. “तारीख पडली.”