सात नंबरची कोरडी लेन

सलग तिसरा बॉल लेनच्या डावीकडच्या गटरात, म्हणजे कडेच्या चरात पडला आणि मी कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिले. माझा बॉल! दोन वर्षं ज्यानं मला कधी खाली बघायला लावलं नाही, तो अर्ध्या वाटेतच पिनांकडं पाठ फिरवून निघाला होता. निवडीला आठ दिवस राहिलेले. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या आमच्या महिला बोलिंग संघात एकच जागा शिल्लक होती आणि तिच्यावर डोळा ठेवून आम्ही दोघी, मी आणि एक दातांची डॉक्टर. ती तिशीतली. मी पंचेचाळिशीची गणिताची मास्तरीण. पुढच्या वर्षी मला कोण विचारणार होतं?

कारण लगेच कळलं. बोलिंगच्या लेनवर यंत्रानं तेलाचा पातळ थर देतात. त्या तेलावरून बॉल सरळ घसरतो आणि तेल संपलं की वळतो. आमच्या हॉलचं यंत्र बंद पडलेलं. "माणूस पुण्यासनं यायचाय," एवढंच उत्तर रोज मिळायचं. म्हणजे निवड कोरड्या लेनवरच होणार. आणि माझा बॉल मुद्दाम घासून खरखरीत केलेला, पकड घेणारा. कोरड्यावर तो सुरुवातीपासूनच पकडायचा आणि वळत सुटायचा.

आधी मी हलका बॉल घेतला. तो तर आणखीच भरकटला. मग डॉक्टरीणबाईंचा एक चकचकीत बॉल मागून बघितला, पण बोटांची भोकं माझ्या हाताला बसेनात. शेवटी चिडून कोपऱ्यातल्या रॅकवरचा एक निळा बॉल उचलला. साधा प्लास्टिकचा, वाढदिवसाला आलेली पोरंटोरं खेळतात तो. वजन माझ्याच बॉलाएवढं, अंग कडक आणि गुळगुळीत. टाकला, तर पठ्ठ्या सरळ गेला आणि शेवटी जरासा वळून बरोबर मधल्या पिनेवर बसला! मी आ वासून बघत राहिले. दोन वर्षं ज्या रॅकला मी नाकं मुरडली, तिथं माझं औषध पडलं होतं.

हॉलच्या व्यवस्थापकाला विचारून तो निळा बॉल मी घरी आणला, बोटांना सवय व्हावी म्हणून. घरात आम्ही दोघंच, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील, तालमीचे वस्ताद. पंचाहत्तरी उलटली तरी पहाटे उठून बैठका मारणारे. त्यांनी बॉल तळहातावर तोलला, अंगठ्यानं चोळून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला पकडच न्हाय की गं."

"आबा, तेच तर पायजे. लेन कोरडी पडलीया. पकड असली की बॉल पळतोय डावीकडं."

"कोरडी? आणि कोण काय करत न्हाय व्हय?"

"न्हाय."

"रोज खेळत्यात आणि जमीन कोरडी ठेवत्यात. कमाल हाय बाबा." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुझी कुठली?"

"सात नंबर. का?"

"उगंच इचारलं."

मी पेपर तपासत होते. लक्ष दिलं नाही. एवढी शहाणी मी, आणि एवढंसुद्धा कळू नये!

निवडीच्या रविवारी आबा म्हणाले, "मी पण येतो." माझा कानांवर विश्वास बसेना. शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाही, पदवी घेताना नाही, हा माणूस माझ्या कशाला म्हणून कधी आला नव्हता. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. आत काय आहे ते मी विचारलंसुद्धा नाही. खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की पिशवीकडं बघायचं सुचलंच नाही.

सरावाचे बॉल झकास पडले. मग सगळे चहाला गेलो. कप तोंडाला लावला तेवढ्यात कापराचा वास आला. इथं कापूर? मी वळून बघितलं. सात नंबरच्या तोंडाशी आबांच्या चपला काढून ठेवलेल्या. ते वाकून जमिनीला हात लावत होते, मग कपाळाला. मला वाटलं, म्हातारा नमस्कार करतोय, करू दे. आणि मग ते गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी जमीन चोळायला लागले.

कप माझ्या हातातनं पडला.

अर्धी लेन पिवळीजर्द झाली होती. शेंगतेल, त्यात हळद, वर कापूर. तालमीत लाल मातीत घालतात तसंच सगळं.

"आबा! काय केलंसा हे?"

व्यवस्थापक धावत आला, मागनं सगळा हॉल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या, दुसऱ्या लेनवर खेळू. पण तो ऐकेना. ज्याच्या माणसानं लेनला हात लावला तो खेळाडू बाद, नियम म्हणजे नियम. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं कागदावरचं माझं नाव खोडलं.  निवडीचा एक बॉलसुद्धा न टाकता मी बाहेर!

मग माझा तोल सुटला. लोकांसमोर ओरडले, "उभ्या जन्मात माझ्या कशाला आला न्हाईसा, आणि आलासा ते हे करायला? लहानपणी डबा घिऊन आले तर तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला न्हाईसा. म्हणालासा, पोरींनी मातीत यायचं न्हाय. आणि आज माझी माती केलीसा!"

आबा तसेच गुडघ्यांवर बसलेले. हातावरनं तेल ठिबकत होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"पैलवान उतरायच्या आधी कुस्तीच्या हौद्यातली माती वस्तादानं मळून द्यायची आसती, त्याच्या कपाळाला लावायची आसती," ते म्हणाले. "गावच्या पोरास्नी दिली. तुला कधी दिली न्हाय. तू कोरडी म्हणालीस, म्हटलं एवढी तरी आपल्या हातानं मळून द्यावी."

 ह्या माणसानं मला पैलवान म्हटलं होतं.

कुणीतरी फडकी आणून दिली. जागा डॉक्टरीणबाईंना गेली. मी आबांच्या शेजारी गुडघे टेकले आणि लेन पुसायला लागले. राग येत होता, रडू येत होतं, आणि हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते. आबांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग आपलं बोट लेनवरच्या तेलात बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं.