पिवळा जिवाणू आणि आपांची चूक

आपांना आमच्या प्रयोगशाळेचा वास अजिबात सहन होत नसे. दारातच थांबून, ओढणी नाकाला लावून त्या विचारायच्या, "आज कोण वाढलं, कोण घटलं?" मग आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसायचो. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आमच्या घराशेजारी राहायच्या आणि गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांच्या आपा होत्या.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. हर्सूल तलावाच्या चिखलातून मी दोन जिवाणू वेगळे काढले होते. काचेच्या बशीत पसरले की एकाचे ठिपके पांढरे उठायचे, दुसऱ्याचे पिवळे. दोघांना एकाच फ्लास्कमध्ये वाढवायचं, रोज त्यातला एक थेंब खाद्याच्या नव्या द्रावणात टाकायचा, एक बशीत पसरायचा आणि ठिपके मोजायचे, एवढंच काम. कोण किती वेगानं वाढेल याची समीकरणं आपांनी मांडून दिली. "डबा एक, खाणारे दोन," त्या म्हणाल्या. "पांढरा भराभर खातो. आठवड्यात पिवळा संपेल."

पिवळा संपला नाही. आधी घटला, आणि विसाव्या दिवशी पाहते तर चक्क वाढत होता. प्रबंध जमा करायला दोन महिने उरले होते.

"आपा, हा फ्लास्क बिघडलेला दिसतोय. याचे आकडे गाळून टाकू का?"

आपांना चिडलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "समीकरण मी लिहिलं. त्यावर पिवळ्यानं सही केली होती का? तो जगतोय ना? मग चूक माझी असंल, नाय तर तुझी. त्याची तर नायच!"

चार दिवस त्या आल्या नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी आल्या त्या हातात कागद नाचवतच. "बेटा, पांढरा खाऊन जे टाकतो, त्यावर हा पोट भरत नसंल ना? तेवढं धरलं की हिशेब जुळतो बघ."

पांढऱ्यानं वापरलेलं द्रावण गाळून मी त्यात पिवळा टाकला. दोन दिवसांत द्रावण गढूळ झालं, म्हणजे पिवळा त्यात भरपूर वाढला होता. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेला मूळचा पिवळा मात्र त्याच द्रावणात जेमतेम तगला. म्हणजे त्या वीस दिवसांत फ्लास्कमधला पिवळा बदलला होता, दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगायला शिकला होता. हे सांगितलं तेव्हा आपा लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत म्हणाल्या, "म्हंजे मी साफ चुकले!" आणि रिक्षा करून मला औरंगपुऱ्यात नेलं, गरम इम्रती खाऊ घातली.

तोंडी परीक्षेत मला विचारलं, चुकीचं समीकरण प्रबंधात का ठेवलं? मी म्हणाले, "ते चुकलं म्हणून तर शोधायचं काय ते कळलं." शेवटच्या रांगेत आपा खाली बघून हसत होत्या.

त्याच उन्हाळ्यात त्या हैदराबादला लेकीकडे गेल्या. वर्षभरानं त्या वारल्याचा फोन आला आणि पाठोपाठ लेकीनं पाठवलेलं पार्सल. आत माझ्या प्रबंधाची त्यांची प्रत होती. एका पानावर लाल पेन्सिलीनं खूण आणि शेजारी बारीक अक्षरात: "इथं अधिक नाही, उणे पाहिजे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर."

प्रबंधाला कुठली आलीय पुढची आवृत्ती! तरी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले, ग्रंथपालांची परवानगी काढली आणि तिथल्या प्रतीत अधिकाचं उणे केलं.