आत्याचा मासीचा खड्डा

माझी आत्या मोएलांगी पोटाची तक्रार घेऊन आयुष्यात एकदाही दवाखान्यात गेली नाही, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. अभिमान होता तिला, आणि तो रास्तच होता. पासष्टी उलटलेली बाई डोंगरातल्या मळ्यातून अळकुड्यांचं ओझं खांद्यावर घेऊन उतरायची आणि वाटेत भेटलेल्या सुनांना भर रस्त्यात विचारायची, "काय गं, झालं का आज पोट साफ? नूडल्स खाऊन कुठून होणार म्हणा." सुना लाजून चूर व्हायच्या. आत्याला कधीच लाज वाटली नाही.

तिच्या घरामागे कमरेइतका खोल खड्डा होता. नीरफणसाचा हंगाम आला की ती खड्ड्याला केळीच्या पानांचं अस्तर लावायची, सोललेले फणस त्यात दाबून भरायची, वर पुन्हा पानं आणि पानांवर दगड. आत ते महिनोन्महिने आंबत राहायचं. त्यालाच आम्ही सामोआतली माणसं मासी म्हणतो. नारळाच्या दाट रसात मळून, पानात गुंडाळून भाजली की तिचे आंबूस, चिवट उंडे होतात. खड्डा पुरता रिकामा कधीच करायचा नाही, तळाशी जुनी मासी ठेवून तिच्यावरच नवी भरायची, हा आत्याचा नेम. तळाची ती मासी तिच्या आजीच्या हातची होती. मी लहान असताना वादळानं आमच्या किनाऱ्यावरचं एक झाड उभं ठेवलं नाही, तेव्हा अर्धं गाव या खड्ड्यावर जगलं. वास मात्र यायचा, खोटं कशाला बोलू. वारा फिरला की नाक दाबून धरायची वेळ यायची.

एके काळी गावात घरोघरी असे खड्डे होते. आमच्याकडे बायकांची समिती घरं स्वच्छ आहेत की नाहीत ते तपासत फिरते. वास येतो, माश्या होतात, असं शहरातले आरोग्यवाले सांगून गेले आणि तिनं एकेक करून ते बुजवले. आत्याच्या खड्ड्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, कारण तिचा भाऊ, म्हणजे माझे वडील, आमच्या कुळाचे प्रमुख. आणि सामोआत बहिणीचं मन मोडणारा भाऊ गावात मान वर करून चालू शकत नाही. पण समितीची प्रमुख माझी आई, आणि घरात कुणाचं चालतं हे मी सांगायला नको.

गेल्या वर्षी निरोप आला की शहरातून पाहुण्या येणार आहेत, नैसर्गिक आहार आणि पचनाचं आरोग्य या विषयावर वर्ग घ्यायला. आईच्या अंगात आलं. गोमांसाच्या डब्यांची खोकी आली, नूडल्स आले, रंगीत सोड्याच्या बाटल्या आल्या. आहाराच्या वर्गाला हे जेवण, याचं कुणालाही हसू आलं नाही. पाहुण्यापुढे डबे मांडायचे हाच मान. अळू, केळी काय, आपण रोज खातोच. मी शाळेत शिकवते, मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते, पण मीसुद्धा मुकाट्यानं ती खोकी उचलून ठेवली.

वर्ग भरायचा होता आत्याच्या शेजारच्याच घरात. आईनं वडिलांना सांगितलं, "वास आला तर माझी शोभा होईल. तुमचं तुम्ही बघा." आणि वडिलांनी बघितलं. वर्गाच्या दिवशी सकाळी आत्या मळ्यात गेली, आणि त्यांनी गावातल्या चार तरण्या गड्यांना लावून खड्डा उपसला, मासी समुद्रात फेकली, वर प्रवाळाची पांढरी खडी पसरली. आईनं त्यावर रंगीत पानांच्या कुंड्या मांडल्या. मला दुपारी कळलं. आधी कळलं असतं तर आडवी पडले असते, असं आता म्हणते. खरं तर आईपुढे माझीही दातखीळ बसते.

आत्या मळ्यातून उतरली ती नळावर हातपाय धुऊन थेट वर्गातच येऊन बसली. घरी गेलीच नाही. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. शहरातल्या तेरेसियाबाईंनी भिंतीवर तक्ता लावला. एकेका शब्दावर काठी ठेवून त्या सांगत होत्या: तंतू म्हणजे काय, प्रोबायोटिक म्हणजे काय, आतड्यातले मित्रजंतू कुठले, शत्रू कुठले. बायका माना डोलवत होत्या. आत्या मध्येच म्हणाली, "एवढं सगळं पोटात असतं होय? भाडं घ्यायला पाहिजे," आणि सगळ्या हसल्या. मग बाईंनी एक फोटो दाखवला. पानांचं अस्तर लावलेला खड्डा होता तो.

"आंबवलेला नीरफणस. हेच ते प्रोबायोटिक," त्या म्हणाल्या. "आतड्यांसाठी याहून चांगलं अन्न मला माहीत नाही. पूर्वी आपल्याकडे घरोघरी असायचं. तुमच्या गावात कुणी करतं का अजून?"

आत्याचा हात वर गेला. "मी करते. चला, आत्ता उघडून दाखवते."

ती उठलीसुद्धा. पाहुण्या वह्या घेऊन तिच्या मागे निघाल्या आणि त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, कारण थांबवणार कोण? घरामागे पोचल्यावर आत्या त्या कुंड्यांपुढे उभी राहिली. तिला आधी कळेचना. मग वाकून तिनं मूठभर खडी उचलली, हुंगली, आणि गर्दी बघून मागे येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या वडिलांकडे बघितलं. घरात गेली आणि तिनं त्या बिनभिंतींच्या जुन्या घराचे चारी बाजूंचे चटयांचे पडदे खाली सोडले.

पाहुण्यांचं जेवण ठरल्याप्रमाणे झालं. तेरेसियाबाईंनी फार वाईट झालं म्हटलं, त्या आजींकडून मासीची कृती लिहून मिळेल का विचारलं, आणि आईनं वाढलेलं डब्यातलं मांस दुसऱ्यांदा घेतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आधी स्वच्छतेच्या नावानं बुजवायला लावायचं, मग त्यालाच परदेशी नाव देऊन आम्हालाच शिकवायला यायचं. आणि आम्ही तरी काय, पाहुण्यांना आवडणार नाही या भीतीनं घरातलं अन्न समुद्रात फेकणारी माणसं.

आत्याचे पडदे तीन दिवस उघडले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे वडील तिच्या दारात जाऊन बसले, मान खाली, डोक्यावरून बारीक विणीची चटई पांघरून. मोठा गुन्हा केलेला माणूस आमच्याकडे असाच बसतो. समोरच्यानं चटई उचलली तर माफी, नाहीतर बसून राहायचं. ऊन डोक्यावर आलं तरी ते बसलेच होते. सगळं गाव बघत होतं. आई घराबाहेर पडली नाही.

दुपारी आत्या बाहेर आली. तिनं चटई उचलली आणि नीट घडी घातली.

"ऊठ. तुला माफ केलं. भाऊ आहेस, करावंच लागतं."

वडील उठेनात.

"नवा खड्डा मी उद्याही खणीन," आत्या म्हणाली. "फणस भरीन, तेही आंबतील. पण तळाला काय घालू रे? माझ्या आजीचा हात कुठून आणू? का ती बाई भिंतीवर लावून गेली तो प्रोबायोटिक शब्द घालू?"

गावाच्या सभेत ज्यांचं बोलणं संपता संपत नाही ते माझे वडील तिच्या दारातच बसून लहान पोरासारखे रडले. मला त्यांची दया आली नाही.