औषध प्यालेले खांब

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी चांगुणाबाई शेणमाती कालवायची आणि घरातले चारही खांब लिंपून काढायची. भिंती तशाच राहिल्या तरी चालायचं. पण खांबाचा पोपडा पडून आतला हिरवा रंग दिसता कामा नये.

खांब होते गावाबाहेरच्या बंद कारखान्यातले. विजेच्या तारांसाठी लागणारे लाकडी खांब तिथं हिरव्या औषधात भिजवत. मग त्यांना वाळवी शिवत नसे. तिचा नवरा सिताराम तिथंच हमाल होता. कारखाना बसला, मालक निघून गेले, आणि अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत या दोघांचं घर जळालं. तेव्हा आवारात बेवारस पडलेले चार खांब सितारामनं ओढत आणले, त्यांवर पत्रे टाकले. पुढं तो गेला; घर राहिलं.

दहा वर्षांनी कारखान्याच्या हौदाकाठची खारट माती चाटून कुणाच्या शेळ्या मेल्या, आणि जिल्ह्याहून माणसं आली. तोंडाला फडकी बांधून त्यांनी हौद उपसला, माती खरवडून पिंपांत भरली, कुंपण घातलं. मग इथलं लाकूड कुणी नेलंय का, असं घरोघर विचारायला लागली. ते विषारी आहे, परत द्या, असं त्यांच्यातला साहेब परोपरीनं सांगत होता. पण सोबत पोलीस पाटील, हातात कागद. गावाला एकच कळलं: चोरीचा माल धुंडायलेत. साहेब दुसऱ्या आळीला पोचेपर्यंत कितीतरी गोठ्यांचे खांब शेणानं लिंपून झाले होते.

तो दाराशी आला तेव्हा चांगुणाबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. सगळं बाभळीचं हाय, म्हणाली. खांब काढले तर पत्रे खाली येणार, आणि पुन्हा घर उभं करायला आता सिताराम नव्हता.

खांब झाकता आले. पण परसात त्याच लाकडाचे उरलेले तुकडे रचून ठेवलेले होते. ते कुणी पाहिले तर? तिनं दार लावून घेतलं आणि पावसाळाभर एकेक तुकडा चुलीत घातला. धुरानं जीव घुसमटायचा. त्याच राखेनं ती भांडी घासायची, दात घासायची.

दिवाळीला जिंतूरहून, बांधकामावरून, मुलगा भुजंग आला तर आई ओळखू येईना. तळहात खरखरीत झालेले, केस मुठीनं गळालेले, पोटात पाणी ठरत नव्हतं. परसातला ढीगही दिसला नाही. त्यानं तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचे तळहात उजेडाकडं धरून पाहिले.

"आजी, चुलीत काय जाळता तुम्ही?"

दाराजवळच्या बाकावर दुसऱ्याच कुणासाठी आलेला एक हवालदार बसला होता. चांगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

"कापसाच्या पऱ्हाट्या."

"आये, सांग की," भुजंग हळूच म्हणाला.

"काय सांगू? तू कवा घरी असतूस, तुला चुलीतलं कळायला?"

टेबलाखाली तिनं त्याचं मनगट पकडलं होतं. हाडंच उरलेली ती बोटं सोडवून घेणं त्याला जमलं नाही. बाईंनी जुलाब थांबायच्या गोळ्या लिहून दिल्या.

घरी आल्यावर ती अंथरुणातून उठली नाही. एका दुपारी पत्र्याकडं बघत पडलेली असताना तिनं भुजंगला जवळ बोलावलं. तेव्हा बोलली ते तिचं शेवटचं बोलणं.

"उद्या ताडकळसचा बाजार हाय," ती म्हणाली. "मीठ आन. सरलंय."