पान जेवत नाही

पुण्यातली प्रयोगशाळा सोडून मी धाराशिवला परत आले. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि शनिवारी आसपासच्या शाळांत सूक्ष्मदर्शक घेऊन जायचं, एवढंच ठरवलं होतं. बोलायची मला पहिल्यापासून हौस. मुलं हसायची, प्रश्न विचारायची आणि मला वाटायचं, विज्ञान पोचतंय.

मग कर्णबधिर मुलांच्या एका निवासी शाळेनं बोलावलं. पहिल्याच तासाला मी प्रकाशसंश्लेषण घेतलं. तिथल्या शिक्षिका शेजारी उभ्या राहून माझं बोलणं खुणांच्या भाषेत सांगत होत्या. या शब्दापाशी मात्र त्या थांबल्या आणि एकेक अक्षर बोटांनी दाखवू लागल्या. शब्द संपेपर्यंत निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायला लागली होती.

"याला खूण नाही का?" मी विचारलं.

"मोठ्या शहरांत असेल. आमच्यापर्यंत आलेली नाही," त्या म्हणाल्या. "परीक्षेपुरतं पाठ करून घेतो."

ते वाक्य मनातून जाईना. हातात शब्दच नसेल, तर मुलानं प्रश्न तरी कशानं विचारायचा?

पुढच्या खेपेला मी हरभऱ्याच्या दोन कुंड्या नेल्या. एक उन्हात वाढवलेली, हिरवीगार. दुसरी कपाटात ठेवलेली, पिवळी आणि लांबुडकी. मुलांनी दोन्ही हाताळून पाहिल्या. मग मी म्हटलं, "आता याची खूण तुम्हीच बनवा."

एका मुलानं डावा तळहात पानासारखा धरला, उजव्या हाताच्या बोटांनी त्यावर ऊन पाडलं आणि घास घेतल्यासारखा हात तोंडाशी नेला. सगळ्यांना पटलं. मलाही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. जवळच्या बेंबळी गावची होती, आठवीतली. ती जोरजोरात मान हलवत होती आणि हात भराभर चालत होते. शिक्षिका हसायला लागल्या.

"ती म्हणते, पान जेवत नाही. पान स्वयंपाक करतं. जेवणारे आपण."

मुलीनं डाव्या तळहातावर ऊन पाडलं आणि उजव्या हातानं त्यावर भाकरी थापली. वर्गात एकच गोंधळ उडाला. पहिला मुलगा थोडा वेळ फुगून बसला, मग त्यानंही थापायला सुरुवात केली.

दिवाळीच्या सुट्टीला मुलीचे वडील तिला न्यायला आले, तेव्हा मी शाळेतच होते. शेतकरी माणूस. ती त्यांना ओढत अंगणातल्या लिंबाखाली घेऊन गेली. एक पान तोडून त्यांच्या हातावर ठेवलं, वर सूर्य दाखवला आणि भाकरी थापू लागली. ते गोंधळून माझ्याकडं बघायला लागले.

"काय म्हणती हो म्याडम?"

मी सांगितलं. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं.

"झाड उन्हात भाकरी करतं व्हय?" ते तिच्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरी आमी तिला जेव, झोप, ये, जा, इतकंच सांगतो. तिला सांगायला एवढं काही असंल, हे डोक्यातच आलं न्हाय."

सुट्टीनंतर तिला पोचवायला आले तेव्हा त्यांनीच विचारलं, "आमाला शिकवता का ह्या खुणा?" त्यातून पालकांचा वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या शिक्षिकाच, मी मागच्या रांगेत, पालकांबरोबर शिकणारी.

दहावीनंतर तिला विज्ञान शाखेला जायचं होतं. तिचे वडील आणि मी दोघं मिळून ज्युनिअर कॉलेजात विचारायला गेलो. प्रयोगाच्या तासाला खुणांनी समजावणारं कुणी नाही, असं उत्तर मिळालं. तिनं शेवटी कला शाखा घेतली. ही गोष्ट मी भाषणांत सांगते तेव्हा लोकांना इथं काहीतरी वेगळं घडायला हवं असतं. मलाही हवं होतं.

आता शनिवारी ती माझ्याकडं येते. विज्ञानाच्या खुणांचे छोटे व्हिडिओ आम्ही फोनवर करतो आणि इतर कर्णबधिर शाळांना पाठवतो. तिकडून कधी दुसरीच खूण येते, कधी भांडण येतं. सध्या 'उत्क्रांती' अडली आहे. मी पायऱ्या चढल्यासारखा हात वर नेते, तिला ते मान्य नाही; फांद्या फुटल्यासारखी बोटं पसरायची, असं तिचं म्हणणं. मागच्या शनिवारी सगळी दुपार या वादात गेली आणि व्हिडिओ काही झाला नाही. तिला न्यायला आलेले वडील दारात येऊन घड्याळ दाखवू लागले. तिनं त्यांना हातानंच सांगितलं, बसा, अजून ठरलं नाही. ते चप्पल काढून आत येऊन बसले आणि त्यांनीही हातानंच विचारलं, वाद कशाचा चाललाय.